उकिरडा आमचा, सातबारा कुणाचा?

मैत्रिणींनो,

या अंकाचा विषय खत आणि परसबाग आहे असं ठरलं, तेव्हा आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीनं नाक मुरडलं. "मारहाण, पोटगी, दारू, हे सगळे प्रश्न पडलेले असताना आपण शेणाच्या गोष्टी करायच्या?" तिच्या प्रश्नाचा मला राग आला नाही. काही वर्षांपूर्वी मीही तेच विचारलं असतं. गोठा साफ करणं, उकिरडा भरणं, परसात चार वेल लावणं ही कामं इतकी रोजची आहेत, की त्यात काही राजकारण असेल असं आपल्याला, चळवळीतल्या बायकांनाही, पटकन वाटत नाही. मला ते शिकवलं मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यानं. आणि शिकण्याआधी मी एक चूक केली. ती आधी सांगते.

या पाड्यावर अकरा जणींचा बचत गट होता. आम्ही तिथे गेलो ते सेंद्रिय खताचे तक्ते आणि पुस्तिका घेऊन. बाया हसल्या. एक म्हातारी आत्या म्हणाली, "बाय, शेणात हात घालायला आमाला शिकवाया आलीस व्हय?" तरी त्यांनी ऐकून घेतलं, कारण मुद्दा त्यांना पटला होता. घरची काकडी, शिराळी, वाल वाढले तर बाजारातून भाजी कमी आणावी लागेल. नवरात्र संपल्यावर विटांची नाडेप टाकी बांधली आणि भरली. जानेवारीच्या शेवटी उघडली तेव्हा आतलं खत चहापावडरीसारखं भुसभुशीत झालं होतं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येत होता. आम्ही फोटो काढले.

पुढच्या आठवड्यात गेले तर टाकी रिकामी. सगळं खत एका घरच्या भेंडीच्या शेतात गेलं होतं. टाकी त्यांच्या जागेत, गुरं त्यांची, आणि भेंडी व्यापाऱ्याला जाणारी. घरातल्या कर्त्या पुरुषानं गाडी जुंपली आणि खत नेलं. त्याला यात चोरी केल्यासारखं काहीच वाटलं नव्हतं. बायांना विचारलं तर म्हणाल्या, "काय बोलनार, ताई? खत शेताचंच असतंय. नि शेत त्यांचं." अकरा जणींच्या परसातल्या वेलांना पाटीभरही मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी टाकी कुणी भरली नाही. तिच्यात कोंबड्या बसू लागल्या.

त्या वर्षीच्या अहवालात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, "महिलांचा प्रतिसाद कमी झाला." आज ते वाक्य वाचताना मान खाली जाते. प्रतिसाद कमी झाला नव्हता. अकरा बायांनी फुकट राबायला नकार दिला होता, आणि स्त्रीमुक्तीचं काम करणाऱ्या मला तो नकार ऐकू आला नव्हता.

त्यानंतर मी हिशेब करायला बसले. तो तुमच्यापुढे ठेवते, कारण सेंद्रिय शेतीच्या पुस्तिकांमध्ये तो कधी नसतो.

नाडेप ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी ती बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली टाकी. पद्धत गरिबाच्या सोयीची आहे, कारण शेण फक्त शंभर किलोच्या आसपास लागतं. बाकी काडीकचरा, पाला आणि माती. पण एक टाकी भरायला काडीकचरा चौदाशे-पंधराशे किलो, माती सतराशे-साडेसतराशे किलो आणि पाणी दीड ते दोन हजार लिटर लागतं. शिवाय टाकी एक-दोन दिवसांत भरून लिंपायची. वीस किलोची एक पाटी धरली तर काडीकचरा आणि माती मिळून दीडशेहून जास्त पाट्या झाल्या. पंधरा लिटरचा हंडा धरला तर शंभर हंडे पाणी. हे डोक्यावरून कोण आणतं, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

आता दुसरा हिशेब. चांगल्या शेणखतात नत्र असतं शेकडा अर्धा भाग. युरियात असतं शेकडा ४६. म्हणजे ४५ किलोच्या एका युरियाच्या गोणीत जेवढं नत्र आहे, तेवढं शेणखतातून द्यायचं तर चार टन खत लागेल, म्हणजे दोनशे पाट्या. शेणखत जमिनीला नत्राखेरीज बरंच काही देतं, हे खरंच. त्याचं पुढे सांगते. पण ओझ्याचा हिशेब असा आहे. युरियाची गोणी सरकारच्या अनुदानामुळे तीनशे रुपयांच्या आत मिळते आणि ती पुरुषाच्या खांद्यावरून किंवा टेम्पोतून येते. तिच्या जागी येणाऱ्या दोनशे पाट्या बाईच्या डोक्यावरून येतात, आणि त्या डोक्याला कसलंही अनुदान नाही. "रासायनिक सोडा, सेंद्रिय धरा" असं आपण सभेत म्हणतो, तेव्हा खर्च एका खिशातून काढून दुसरीच्या मानेवर ठेवत असतो. हे न सांगता केलेला प्रचार अर्धा खोटा आहे.

तरी मी सेंद्रिय खताच्या बाजूचीच आहे. का, तेही सांगते.

शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशात जाते. भाताचं पीक निघालं की पाण्याच्या कडेची शेतं हिरवी होतात. ती भेंडी दिवसाआड पहाटे तोडतात त्या बाया. भेंडीच्या लवीनं बोटं खाजतात, आणि आदल्या दिवशी काय फवारलं होतं हे तोडणारीला कुणी सांगत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले, तेव्हा सगळ्या राज्याला जाग आली. रोज थोडं थोडं अंगात जाणाऱ्या विषाची बातमी होत नाही. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, शेकडा ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. ज्या घरात पुरुष आणि मुलं जेवल्यावर उरेल ते बाई खाते, तिथे दाराशी असलेली माठाची जुडी, शेवग्याचा पाला, काकडी, वाल हे तिच्या ताटात पडण्याची शक्यता बाजारच्या भाजीपेक्षा जास्त. परसबाग महत्त्वाची ती एवढ्यासाठी.

आणि आपल्या भागातल्या मातीला खतावाचून गत्यंतर नाही. इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. वरकस जमिनीवर मातीचा थर हातभर, खाली मुरूम. पाऊस मातीतलं सत्त्व धुऊन नेतो, माती आंबट होते. अशा मातीत नुसता युरिया टाकला तर पुढच्या सरीबरोबर तोही ओढ्याला. कुजलेला पाला आणि शेण मातीला धरून ठेवतात, ओल टिकवतात. ओल टिकवणं इथे फार मोलाचं आहे. तानसा धरण १८९२ साली झालं, मध्य वैतरणा २०१४ साली. वैतरणा, तानसा, भातसा या शहापूरच्या बाजूच्या धरणांचं पाणी मुंबई पिते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहतात. चैत्रात परसातला वेल वाळतो तो बाईच्या आळसानं नव्हे. खताबरोबर पाणी मागितलं नाही, तर परसबागेची प्रत्येक योजना पावसाळी ठरणार.

खताचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे, ही गोष्ट ठाणे जिल्ह्याला नवी नाही. इथे भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, त्यावर झाडाचा टाहाळ, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात पेटवतात. तण मरतं आणि राख मातीला मिळते. टाहाळासाठी जंगलात जावं लागतं. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि टाहाळ तोडणं हा गुन्हा ठरला, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढ्या तक्रारी झाल्या, की सरकारला १८८५ साली जंगल-चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. राब हा त्या वादातला मोठा मुद्दा होता. त्याच सुमारास, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा, शेणमूत आणि मेलेल्या किड्यांचं सत्त्व पावसाबरोबर वाहून वाया जातं, ते शेतात मुरावं म्हणून सरकारनं ताली आणि बंधारे घालावेत, अशी मागणी त्यात आहे. खत कुठून येतं आणि ते कोण अडवतं, हे जोतीरावांनी तेव्हाच विचारलं. आपण त्यात एक प्रश्न जोडायचा, ते डोक्यावर घेऊन कोण येतं.

राबाला आता पर्याय आहेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत भाताच्या तुसांची काळी राख रोपवाटिकेत घालतात आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीत गाडतात. बांधावर किंवा कुंपणाला गिरिपुष्प लावलं तर टाहाळासाठी डोंगर चढायची पायपीट वाचते. बाईचे श्रम कमी करणारं सेंद्रिय तंत्र आणि बाईचे श्रम वाढवणारं सेंद्रिय तंत्र यांत फरक करायला आपण शिकलं पाहिजे. कुंपणाचं गिरिपुष्प पहिल्या जातीचं. दूर आणि दुसऱ्याच्या जागेत बांधलेली टाकी दुसऱ्या जातीची.

याच नजरेनं जीवामृताकडेही बघा. सुभाष पाळेकरांच्या कृतीप्रमाणे एकरी दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि मूठभर माती. ते खत नव्हे, विरजण आहे. मातीतले जीव वाढवण्यासाठी ते आहे, असं ते स्वतःच सांगतात. ठीक आहे. पण ज्या घरात आठवड्यातून दोनदा डाळ शिजते, तिथल्या बाईला दर महिन्याला दोन किलो बेसन जमिनीत ओतायला सांगताना निदान तिच्या डब्यात काय आहे ते बघावं.

मग परसबागेचं काय? इथे आकडे आपल्या बाजूनं येतात. एकरभर भाजीला एकरी आठ टन म्हटलं तरी चारशे पाट्या खत लागतं. ते बाईनं एकटीनं करायचं काम नाहीच, तिथे पुरुषांनी आणि गाडीनं उतरलं पाहिजे. पण एका गुंठ्याला दोनशे किलो, म्हणजे दहाच पाट्या पुरतात. देशी गाय दिवसाला आठ-दहा किलो शेण टाकते. त्यातलं थोडं सडासारवणाला, थोडं शेणी-गोवऱ्यांना गेलं तरी गुंठ्याची सोय होते. म्हणून आपल्या गटांनी सुरुवात गुंठ्यापासून करावी, आणि गुंठा बाईच्या दारात, तिच्या मोरीच्या पाण्याच्या वाटेवर असावा.

शहापूरकडच्या आमच्या मैत्रिणींनी अनुभवातून जे शिकलं, ते थोडक्यात देते. उकिरड्याचा खड्डा आपल्याकडे पावसात पाण्यानं भरतो आणि कुजण्याऐवजी सडतो. म्हणून ढीग जमिनीच्या वर, उंचवट्यावर, पळसाच्या पानांचं किंवा जुन्या कौलांचं छप्पर घालून करावा. एक थर सुक्याचा, म्हणजे पेंढा, पाला, काड्या. एक थर ओल्याचा, म्हणजे शेण, हिरवं तण, भाजीचे देठ. मधे मातीचा हात. सागाचं पान लवकर कुजत नाही, ते चुरून टाकावं. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खालीवर केला की लवकर होतो. हात घालून बघावा. आत चटका बसेल इतकं गरम झालं म्हणजे काम चालू आहे. थंड पडलं, काळं झालं, वास मातीचा आला की तयार.

चुलीची राख पालाशासाठी आणि आंबट मातीसाठी चांगली, पण ती शेणाच्या ढिगात मिसळू नये. राखेनं शेणातलं नत्र उडून जातं. ती वेगळी साठवून वेलाच्या बुडाशी मूठभर टाकावी, रोज नव्हे. शेळ्यांची लेंडी वेलांना उत्तम. कोंबडीचं खत तीव्र असतं, मुरल्याशिवाय घातलं तर रोप जळतं. करंजाच्या बिया आपल्या बाया गोळा करून विकतातच. तेल काढल्यावर उरलेली पेंड परत मागून घ्यावी, वांगी-मिरचीच्या बुडाला ती लागू पडते. ताजं शेण पालेभाजीवर कधी घालू नये. त्यातून पोटात जंत आणि जंतू जातात. आणि मैत्रिणींनो, हाताला कापलेलं असताना शेणात हात घालू नका. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीत असतात. इंजेक्शन घेतलेलं आहे का ते आरोग्य केंद्रात विचारा. बाई गरोदर असली तरच तिला हे इंजेक्शन द्यायचं असतं असं नाही.

अजून एक गोष्ट या कामात पुन्हापुन्हा अडते. विटाळ. पाळी आलेल्या बाईनं वेलाला हात लावला तर वेल जळतो, असं आपल्याकडे मानतात. शेण पवित्र, गोमूत्र पवित्र, आणि ते दोन्ही रोज हातानं काढणारी बाई महिन्यातले चार दिवस अपवित्र! आमच्या एका गटातल्या मुलींनी ठरवून त्या चार दिवसांत भोपळ्याला पाणी घातलं. भोपळा चांगला धरला. त्यांनी तो बैठकीत आणून ठेवला, कुणी भाषण केलं नाही. सावित्रीबाई शाळेत जाताना लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकलं, हे आपण सगळ्या जाणतो. शेण बाईच्या अंगावर फेकायचं का तिच्या मातीला द्यायचं, हे तिनं ठरवायचं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. माती सुधारायला तीन-चार वर्षं लागतात. चौथ्या वर्षी ती कुणाच्या ताब्यात असणार हे ठाऊक नसेल, तर बाईनं तिच्यात जीव का ओतावा? देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायकांचं प्रमाण २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेकडा १४ च्या आसपास होतं. शेणात हात घालणाऱ्यांची गणना केली असती, तर आकडा उलटा निघाला असता.

या प्रश्नाला महाराष्ट्रात हात घातला गेला आहे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला भरलं, लाखावर बाया जमल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम आली. नवऱ्यानं आपल्या हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करायची. १९९१ च्या शेगाव मेळाव्यात शरद जोशींनी 'सीताशेती' मांडली. बाईच्या हातातल्या तुकड्यावर बाहेरची खतं-औषधं न आणता, घरच्या बियाणानं आणि पालापाचोळ्यानं शेती करायची. त्यांच्या इतर राजकारणाशी आपले मतभेद होते आणि आहेत. जमीन उपकार म्हणून देण्यावरही आपण तेव्हा टीका केली. पण एक गोष्ट त्यांनी बरोबर जोडली होती. खत आणि नाव एकत्र मागितलं होतं. पुढे सेंद्रिय शेतीचा बोलबाला झाला, पुरस्कार आले, खत राहिलं आणि नाव मागे पडलं.

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोगानं लातूर-उस्मानाबादकडच्या बायांबरोबर, आज ज्या जिल्ह्याला धाराशिव म्हणतात तिथे, दुसरी वाट धरली. घरच्यांशी बोलून बाईनं अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा, त्यात धान्य, डाळी, भाज्या सेंद्रिय पद्धतीनं पिकवायच्या. २०१७ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आणि आपल्या घाटाच्या पलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेतच. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी बाईनं परसात गावरान वाणांची बियाणी जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं कौतुक करताना सरकारनं एवढं लक्षात घ्यावं, की प्रत्येक पाड्यावर अशी एक तरी बाई असते. तिच्या पायाखाली जमीन नसते, एवढाच फरक.

कायदा काय म्हणतो, ते गटात वाचून दाखवा. १९९२ पासून राज्य सरकारच्या लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलीला जन्मानं हिस्सा दिला. पण हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे आपल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बहिणी त्याच्या बाहेरच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं, की बाईला हिस्सा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला बरोबरीचा वाटा मिळाला पाहिजे. हा निकाल आपल्या उपयोगाचा आहे. आणि वनहक्क कायदा, २००६. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की विवाहितांचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. शहापूर-मुरबाडमध्ये ज्यांना वनपट्टे मिळाले आहेत त्या बायांनी प्रमाणपत्र पेटीतून काढून आपलं नाव कुठे आहे ते बघावं. ज्या तुकड्यावर बाईचं नाव आहे, त्यावर खताची पहिली पाटी पडू दे.

ज्यांच्याकडे तुकडाही नाही, त्यांचं काय? कातकरी वाडीवर मी परसबागेची गोष्ट काढली, तेव्हा एक जण म्हणाली, "झोपडीखालची जागा मालकाची. शेवगा लावला तर म्हणतो, झाड लावून जागा बळकावता." आणि दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परत येते. भट्टीवर बाई मातीच कालवते, पण विटांसाठी. तिला गांडूळ खताचं प्रशिक्षण देण्याआधी घराखालची जागा नावावर करून द्या, ही मागणी परसबागेची पहिली मागणी आहे.

हे सगळं आत्ताच का मांडते? कारण सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती आता सरकारी धोरण आहे. २०१५ साली परंपरागत कृषी विकास योजना आली, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं. त्यात तीस हजार कृषी सखी किंवा गावपातळीवरच्या साधनव्यक्ती नेमायचं ठरलं. राज्यात 'उमेद'नं बचत गटांच्या बायांबरोबर पोषण परसबागांची मोहीम चालवली. बायांना बोलावलं जातंय, ही चांगली गोष्ट. पण अंगणवाडी आणि आशा ताईंचा अनुभव आपल्या समोर आहे. बाईला 'सखी', 'ताई', 'सेविका' म्हटलं, की पगाराऐवजी मानधन देता येतं. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक, २०११ मांडलं होतं. जमीन नावावर असो नसो, शेती करणाऱ्या बाईला शेतकरी म्हणून दाखला द्यावा, असं त्यात होतं. ते मंजूर न होताच बाद झालं. शेतकरी म्हणायला नकार आणि सखी म्हणायला उत्साह, यातली गोम आपण ओळखली पाहिजे.

म्हणून आमच्या गटानं काही गोष्टी ठरवल्या आहेत. खताचं प्रशिक्षण घेण्याआधी बैठकीत पुरुषांनाही बसवून तीन गोष्टी बोलून घ्यायच्या, आणि गटाच्या वहीत लिहून सह्या-अंगठे घ्यायचे: ढीग कुणाचा, तो कोणत्या तुकड्यात जाणार, आणि शेण-माती-पाणी कोण वाहणार. विक्रीच्या पिकाला खत हवं असेल तर गटाकडून विकत घ्यावं, घरच्यांनीही. सरकारकडे मागायचं ते असं: युरियाच्या गोणीला अनुदान मिळतं, तसं बाईनं केलेल्या खताला पाटीमागे मिळावं. टाकी भरण्याचं काम मजुरीचं काम धरावं. कृषी सखीला वेतन द्यावं. आणि सेंद्रिय प्रमाणपत्राच्या प्रत्येक अर्जावर बाईचं नाव शेतकरी म्हणून असावं.

ज्या पाड्यावर माझी चूक झाली, तिथे गेल्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बसलो. या वेळी तक्ते नेले नव्हते. तीन तास भांडण झालं. खत नेणारे तेच गृहस्थ म्हणाले, "मग आम्ही काय पाट्या उचलायच्या?" आत्या म्हणाली, "उचलशील तर काय मान मोडंल?" सगळे हसले, तेही हसले. शेवटी एवढंच ठरलं, की घराघरामागे एक गुंठा बाईचा. त्याचं खत तिचं, भाजी तिची, विकली तर पैसा तिचा. माती पुरुषांनी वाहायची. अकरांपैकी सात घरांनी मानलं, चार अजून कबूल नाहीत. सातबाऱ्यापर्यंत अजून कुणीही पोचलेलं नाही, आणि मी तसा आव आणणार नाही. पण टाकीतून कोंबड्या हुसकल्या गेल्या, आणि ज्या सात जणींनी ती भरली त्यांना ती कुणासाठी भरतोय हे भरण्याआधी ठाऊक होतं.

उकिरड्याचं नशीब बारा वर्षांनी तरी पालटतं म्हणतात. आपण एवढं थांबायला नको. तुमच्या गावात खताचा ढीग कुणाचा आहे, ते विचारा. भांडण झालं तर तेही आम्हाला लिहून पाठवा. शुद्धलेखनाची काळजी नको, लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीनं